केस कुठल्या दिशेनं चालतो

लग्न होऊन सुरतेला, लिंबायतच्या आमच्या दोन खोल्यांत आले तेव्हा माझ्याजवळ रसायनशास्त्राची पदवी होती आणि ती मी मुंडावळ्यांसारखी कपाळाला बांधून फिरायचे. शेजारीण वाटीभर मीठ मागायला आली की मी तिला सोडियम क्लोराइड द्यायचे, आणि देताना नावही सांगायचे. बिचारी वाटी झाकून घेऊन जायची, न जाणो काय दिलंय. आता साठी उलटल्यावर ती पदवीवाली बाई, म्हणजे तेव्हाची मी, आठवली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पण नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तिनं दोन घोळ घालून का होईना एक काम तडीस नेलं, म्हणून धपाटा हळू घालीन.

घरात आम्ही चौघं. नवरा लूमखात्यात मास्तर, म्हणजे लूम अडला की ज्याला हाक मारतात तो. सासूबाई धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलणाऱ्या. मी पुढच्या खोलीत शिकवण्या घ्यायचे. मुलंबाळं अजून झाली नव्हती, त्यामुळे शिकवण्या संपल्यावर उरलेलं ज्ञान घरच्यांवर ओतायचे. चौथी माझी नणंद. बारावी होऊन ती पी.टी.सी. करत होती, प्राथमिक शिक्षिकेचा दोन वर्षांचा कोर्स, आणि दुसरं वर्ष चालू होतं.

या कोर्सवरून घरात आधीच एक लढाई होऊन गेली होती. गावाकडच्या थोरल्या काकांनी तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. माझ्या नवऱ्यानं त्यांच्याकडून दोन वर्षं मागून घेतली. काका म्हणाले, "दोन म्हणजे दोन. एक वर्ष जरी अडकलं तर मी सांगेन तिथं पोरगी उभी राहील." नवऱ्यानं मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर नणंद रोज सकाळी पुस्तकांची पिशवी उचलून जात होती.

नवरात्रात तिला टायफॉइड झाला. बाहेर गरबा चालला होता आणि ही खाटेवर पडून छताकडं बघत होती. ताप उतरला, अंगात ताकद आली, दिवाळी झाली. आम्ही म्हटलं, सुटलो. आणि मग थंडीत, तापानंतर दोन-अडीच महिन्यांनी, तिचे केस गळायला लागले. गळायला म्हणजे कसे, तर फणी घातली की मूठभर फणीत. उशीवर, ताटात, माझ्या शिकवणीच्या सतरंजीवर. कमरेखाली येणारा शेपटा होता तिचा, मनगटाएवढा जाड. संक्रांतीपर्यंत करंगळीएवढा राहिला आणि कानांच्या वर डोक्याची कातडी दिसायला लागली.

मी तेव्हाही तिला शास्त्र सांगितलं. म्हटलं, "अगं, हे व्हायचंच. मोठा ताप आला की मुळं एकदम विश्रांती घेतात, मग दोन-तीन महिन्यांनी केस सोडतात. पुन्हा येतील."

"कधी येतील?"

"केस महिन्याला अर्धा इंच वाढतो."

तिनं हिशेब केला असावा. ती उठून आत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला जायची बंद झाली. ज्या शाळेत त्यांचे सरावाचे पाठ चालायचे तिथली पोरं तिला पाठीमागून काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली ते तिनं कधीच सांगितलं नाही.

मग कॉलेजचं पत्र आलं. शेवटचा पाठ अमुक सोमवारी, महापालिकेच्या मराठी शाळेत, पाचवीच्या वर्गावर, बाहेरून परीक्षक येणार. गैरहजर राहणाऱ्यांचं वर्ष गेलं असं समजावं. तापाच्या सुट्टीला डॉक्टरचं सर्टिफिकेट होतं. केस गळाल्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही. मधे सतरा दिवस होते.

"मी नाही जाणार," नणंद म्हणाली.

"काका येऊन बसतील."

"बसू देत."

"अगं पण डोक्यावरून पदर घे."

"आणि फळ्याकडं वळून हात वर केला की? पदर खांद्यावर, आणि पंचेचाळीस पोरं माझ्या डोक्यावर. वहिनी, तुम्ही उभ्या राहाल?"

मी उभी राहिले नसते. माझे स्वतःचे केस चांगले दाट होते आणि त्यांच्यावर माझा पदवीइतकाच जीव होता. म्हणून मी ठरवून टाकलं की गंगावन करायचं. बाजारातलं तयार गंगावन तिच्या केसांच्या रंगाला जुळेना, आणि मला तर स्वतःच करायचं होतं. पदवीधर बाई, मी का विकतचं आणू?

आता सुरतेत माणूस काही करायचं म्हणाला की त्याचा हात आधी पॉलिस्टरवर पडतो. नवऱ्याला सांगून मी काळ्या धाग्याचा एक कोन मागवला. बारीक, लांब, चमकदार. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की हा धागा जाळला तर वितळून त्याचा मणी होतो, आणि केस जाळला तर तो वेटोळं होऊन घाण वास सोडतो. मलाही माहीत होतं. तो वास गंधकाचा, केसातलं प्रथिन गंधकाच्या सांध्यांनी बांधलेलं असतं, हेसुद्धा मी शिकवणीच्या मुलांना सांगितलं होतं. पण मी म्हटलं, आपल्याला कुठं जाळायचंय. लांब आहे, काळं आहे, झालं.

दोन दिवसांत गंगावन तयार. तिच्या उरलेल्या केसांत मिसळून तीन पेडांची वेणी घातली, खाली गोंडा. आरशात बरी दिसली. सासूबाई म्हणाल्या, "घोडीनं शेपूट शे," पण मी लक्ष दिलं नाही. सराव म्हणून संध्याकाळी नणंदेला भाजीला घेऊन निघाले. पन्नास पावलं गेलो, शंभर गेलो, ती जरा मान ताठ करून चालायला लागली होती. भाजीवाल्या बाईच्या गाडीसमोर ती मेथीची जुडी उचलायला वाकली आणि वेणी सरसर घसरून मेथीवर पडली.

भाजीवाल्या बाईनं ती उचलली, पाणी झटकलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "बेन, तमारो चोटलो पडी गयो."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शेजारी दोन शाळकरी मुली उभ्या होत्या, त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. नणंदेनं वेणी घेतली, पिशवीत कोंबली, मेथीचे पैसे दिले आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वेणी का घसरली ते मला शंभर पावलं परत चालता चालता कळलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. केसाच्या अंगावर खवले असतात. घराच्या कौलांसारखे, एकावर एक चढवलेले, इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. त्या खवल्यांमुळेच एक केस दुसऱ्याला धरतो आणि वेणी वेणी राहते. पॉलिस्टरचा धागा काचेच्या नळीसारखा गुळगुळीत. तो कोणाला धरील? परीक्षेत मी केसाच्या छेदाची आकृती काढली होती, खवल्यांसकट, आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी माळ्यावरून तुपाचा जुना डबा काढून माझ्यासमोर आपटला. आत केसांची गुंतवळं होती, बोटावर गुंडाळून केलेले छोटे छोटे गोळे, डबा भरून.

"पोरनं शे हाई," त्या म्हणाल्या. "फेकाले जीव व्हयना नही."

तापानंतर तिच्या फणीत निघालेला एकेक केस त्यांनी ठेवला होता. मला त्या क्षणी काहीतरी हळवं वाटायला हवं होतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, घाण. तेल, धूळ, तापाचे जंतू. हे आधी शास्त्रोक्त स्वच्छ केलं पाहिजे.

म्हणून मी पातेल्यात पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, सगळी गुंतवळं त्यात सोडली आणि लाकडी दांड्यानं ढवळत बसले, चांगला अर्धा तास, साड्यांना रंग देतात तशी. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"सोडा लुगडं धुवाले लागस," त्या म्हणाल्या. "डोकं धुवाले नही."

"आई, जंतू मरायला पाहिजेत."

"मरतीन. केस बी मरतीन."

पाणी ओतून टाकलं तेव्हा पातेल्याच्या तळाशी केस नव्हते. दाबलेल्या लोकरीचा असतो तसा एक नमदा होता. गोवरीएवढा जाड, काळा, घट्ट, चिकट नमदा. ओढला तर तुटत होता, सुटत नव्हता. ज्या पोरीचे ते केस होते ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती आणि ज्या आईनं ते साठवले ती माझ्याकडं बघत होती. सोमवारला बारा दिवस उरले होते.

"तुनी पदवी चुलामा घाल," सासूबाई म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

नवरा कामावरून आला, त्यानं तो नमदा हातात घेऊन उलटापालटा केला. लूमवर धागा अडकला की तो असाच बघायचा. "ओढू नको," म्हणाला. "तेल सोड. गुंता ओढून सुटत नाही, ढिला करून सुटतो." जेवण झाल्यावर एका फळीत त्यानं बारीक खिळे ओळीनं ठोकून दिले, टोकं वर. त्या खिळ्यांतून केस ओढायचे, म्हणजे सरळ होतील. फळी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "बसशील ना यावर?"

"यावर कोण बसेल?"

"कामाला बसशील का, असं विचारतोय."

बसले. मला चूक कबूल करता येत नव्हती, पण बसता येत होतं. सकाळी स्वयंपाक उरकला की नमदा मांडीवर घ्यायचा, खोबरेल तेलात बोटं बुडवायची आणि दाभणाच्या टोकानं कडेपासून एकेक केस मोकळा करायचा. एक मोकळा व्हायचा, दोन तुटायचे. गल्लीत लूमचा खडखडाट चालू असायचा, वीज गेली की थांबायचा, आली की पुन्हा सुरू व्हायचा. मी वीज गेली तरी थांबत नव्हते. दुसऱ्या दिवशी सासूबाई समोर येऊन बसल्या आणि नमद्याची दुसरी कड त्यांनी हातात घेतली.

तीन दिवसांत जवळजवळ निम्मे केस सुटले, पण सुटलेले केस मी एकत्र ठेवले की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा एकमेकांत शिरलेले. खिळ्यांतून ओढून सरळ केलेली जुडी ओली करून हातानं चोळली तर तिची पुन्हा गाठ. असं का होतं ते मला कळेना. सोडा तर आता धुऊन गेला होता. चिंचेच्या पाण्यातूनही काढून झाले होते, कारण सोड्यानं खवले उघडतात आणि आंबटानं बसतात, एवढं मला येत होतं. तरीही गाठ.

चौथ्या दिवशी दुपारी नणंद उठून आमच्याजवळ येऊन बसली. मदतीला नव्हे, नुसतीच. जुडीतला एक केस तिनं उचलला आणि चाळा म्हणून अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून पुढंमागं चोळत राहिली. मी नमद्यात डोकं घालून बसले होते.

"वहिनी, हा चालतो."

"काय चालतो?"

"केस. बघा ना. मी धरलाय तिथंच बोटं हलवतेय, आणि हा पुढं सरकतोय."

खरंच सरकत होता. बोटं जागच्या जागी पुढंमागं होत होती आणि केस गोमेसारखा एका बाजूनं बाहेर निघत होता. तिनं तो उलटा धरला. आता तो दुसऱ्या बाजूला निघाला. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. सासूबाईंनी चष्मा लावला.

"टोकाकडं जातोय की मुळाकडं?" मी विचारलं.

तिनं केस उजेडात धरला. गळालेल्या केसाच्या मुळाशी एक बारीक पांढरा ठिपका असतो, मोहरीच्या शंभराव्या हिश्शाएवढा. ठिपका पुढं होता. "मुळाकडं," ती म्हणाली. "नेहमी मुळाकडं."

मी हातातलं दाभण खाली ठेवलं. कौलांची उघडी कड नेहमी उताराकडं असते. केसाचे खवलेही तसेच, सगळ्यांची तोंडं टोकाकडं. टोकाकडं बोट फिरवलं तर ते घसरतं, मुळाकडं फिरवलं तर खवल्यांत अडकून केसाला घेऊन जातं. डोक्यावर सगळे केस एकाच दिशेनं लावलेले, म्हणून त्यांचे खवले एकमेकांना धरतात पण अडवत नाहीत. गुंतवळात मात्र कोणाचं मूळ वर, कोणाचं खाली. ओले करून हलवले की निम्मे एकीकडं चालायला लागतात आणि निम्मे त्यांच्या समोरून. जत्रेच्या बोळात दोन्हीकडून माणसं घुसावीत तसं. मी तर त्यांना उकळत्या सोड्यात खवले उघडून अर्धा तास चालवलं होतं.

पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या त्या आकृतीत खवल्यांची तोंडं कुठं होती, ते मला आठवेना. कुठंही असतील. तपासणाऱ्यानंही पाहिलं नव्हतं.

"म्हणजे सगळे एका दिशेला लावावे लागतील," नणंद म्हणाली.

"एकेक?"

"एकेक."

सहा दिवस. खाटेच्या एका कडेला आम्ही ओली सुतळी ताणून बांधली. पांढरा ठिपका दिसला की केस ठिपक्याकडून सुतळीवर टेकवायचा. ठिपका तुटलेला असेल तर केस बोटांत चोळायचा आणि कुठं जातो ते बघायचं. ही चोळणी नणंदेचीच, तिची बोटं सर्वांत हलकी. सासूबाईंना ठिपके दिसत नव्हते, त्या पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधायच्या. मला वाटलं होतं, ही दुपारनंतर कंटाळेल. ती जेवायला उठेना. एकदा मीच म्हटलं, "अगं पुरे आता," तर म्हणाली, "तुम्ही उठा, तुमचे डोळे दुखत असतील." मी तिच्याहून बारा वर्षांनी मोठी, आणि ती मला म्हातारी करून मोकळी झाली.

या कामात माझ्या पदवीला एकच जागा मिळाली. गोळे करून ठेवल्यामुळे केस स्प्रिंगसारखे वळलेले होते. ते मी पाण्यानं ओले केले, खाटेच्या दोन खुरांमध्ये ताणून बांधले आणि उन्हात वाळवले. सरळ झाले. केसाच्या आत दोन प्रकारचे सांधे असतात. गंधकाचे पक्के, ते सहज सुटत नाहीत. दुसरे कच्चे, ते पाण्यानं सुटतात आणि वाळताना आहे त्या आकारात पुन्हा जुळतात. सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग वल्ला व्हयना की परत वाकडा?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मंग तिले पानीपासून दूर ठेव, एवढं सांग ना सरळ."

शनिवारी गंगावन झालं. जुन्या शेपट्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं आणि लांबी जेमतेम खांद्याखाली, कारण लांब केस सगळे माझ्या पातेल्यात तुटले होते. उरलेली एक जुडी मी ओली करून हातानं चोळली. गाठ पडली नाही. तिचे उरलेले केस कानांवरची कातडी झाकेल असे सैल ओढून घेतले, त्यांत गंगावन मिसळून वेणी घातली आणि तिला म्हटलं, ओढ. तिनं आधी हळू ओढली, मग जोरात, मग मला म्हणाली, "तुम्ही ओढा." मी ओढली. "आई गं," ती म्हणाली, आणि हसली. वेणी जागेवर होती.

मला मात्र आता वेगळाच किडा चावला. रविवारभर मी मोठ्या कागदावर केसाची आकृती काढली, रंगीत, खवल्यांची तोंडं बरोबर टोकाकडं. म्हटलं, परीक्षकांसमोर हाच पाठ घे. प्रत्येक मुलाच्या हातात एक केस द्यायचा, चालवायला लावायचं. परीक्षक आयुष्यभर विसरणार नाहीत.

नणंदेनं आकृती नीट पाहिली. मग शांतपणे गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

"वहिनी, मला अपूर्णांक दिलेत. मी अपूर्णांकच शिकवणार."

"अगं पण हे किती..."

"डोक्यावर कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून इतकं केलं, आणि तुम्ही म्हणता पंचेचाळीस पोरांच्या हातात केस द्या."

सासूबाई पदरात हसत होत्या.

सोमवारी मी तिच्याबरोबर रिक्षानं शाळेपर्यंत गेले. आत जायला परवानगी नव्हती, म्हणून व्हरांड्यात खिडकीजवळ उभी राहिले. ती वर्गात शिरली, टेबलावर खडू आणि कागदाच्या भाकऱ्या ठेवल्या आणि फळ्याकडं वळून हात वर केला. पाठ आमच्याकडं, पोरांकडं. वेणी पाठीवर होती. मी माझ्याच वेणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं, ते सोडल्यावर कळलं. तिनं भाकरीचे दोन तुकडे केले, चार केले, आठ केले. एका मुलानं विचारलं, आठातला मोठा कुठला. ती म्हणाली, "कापणाऱ्याला विचार." वर्ग हसला. कोणी तिच्या डोक्याकडं बघत नव्हतं. सगळे भाकरीकडं बघत होते. पस्तीस मिनिटं मी एका वेणीवर डोळे रोखून उभी होते आणि त्या पूर्ण वर्गात तिला बघणारी मी एकटीच.

पाठ संपल्यावर परीक्षक बाई बाहेर आल्या. मी पुढं झाले. का झाले कोण जाणे, बहुतेक कोणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून. बाईंनी मला नणंदेची मोठी बहीण समजून सांगितलं, "पाठ चांगला झाला. पण फळ्यावरचं अक्षर उजवीकडं वर चढत जातं. तेवढं बघायला सांगा."

परतताना रिक्षात नणंद रागानं धुमसत होती.

"चढतं म्हणे. कुठं चढतं? वहिनी, तुम्ही खिडकीतून बघत होतात ना, चढत होतं?"

"मी फळा बघितलाच नाही."

"मग पस्तीस मिनिटं बघत काय होतात?"

रिक्षा वळली, वारा आत घुसला, तिची वेणी उडून माझ्या तोंडावर आली. मी ती बाजूला केली. तिचं लक्षच नव्हतं.

"उद्या तुमच्या शिकवणीचा फळा मला सकाळी द्या," ती म्हणाली. "दोरीनं रेघा मारून देतील का भाऊ? सरळ. एकसुद्धा वर चढली नाही पाहिजे."